उलटा ट्रक, नायलॉनची पिशवी आणि अणुबाँबवाले गांधीजी

2003 साली अमेरिकेत 'बिग रिग्ज: ओव्हर द रोड रेसिंग' नावाचा गेम विकायला आला. मोठाले ट्रक, चोरटा माल, मागे लागलेले पोलीस, असं सगळं खोक्यावर छापलेलं. घरी आणून लावला की कळायचं, पोलीस नाहीतच. शर्यत सुरू झाली तरी समोरचा ट्रक जागचा हलत नाही. आपला ट्रक डोंगरावर सरळ चढतो आणि घरांतून आरपार जातो. रिव्हर्स टाकला की वेगाला मर्यादाच नाही. ट्रक मागच्या मागे सुसाट सुटतो आणि बटण सोडलं की क्षणात थांबतो. शेवटी पडद्यावर तीन मुठींचा करंडक येतो आणि त्यावर व्याकरणाची मोडतोड करून लिहिलेलं 'यू आर विनर'.

'गेमस्पॉट' या संकेतस्थळाचे समीक्षक अलेक्स नवारो यांनी त्याला 10 पैकी 1 गुण दिला. तिथे त्याहून कमी गुण देण्याची सोय नव्हती. आज या गेमचे व्हिडिओ लोक हसण्यासाठी बघतात. पण तो कुणीतरी पैसे मोजून घेतला होता, आणि कारखान्यापासून दुकानापर्यंत एकानेही तो अडवला नव्हता. पुढचे किस्से वाचताना एवढंच बघत चला: गेम खरा कसा आहे हे गिऱ्हाइकाला सांगायचं काम कुणाचं होतं, आणि त्याचं पोट कुणाच्या पैशावर चालत होतं?

पाच आठवड्यांचा 'ई.टी.'

स्पिलबर्गच्या 'ई.टी.' सिनेमावरचा गेम 1982 च्या नाताळात दुकानात हवाच, असं अटारी कंपनीने ठरवलं. हक्कांची बोलणी लांबली आणि हॉवर्ड स्कॉट वॉरशॉ या प्रोग्रॅमरच्या हाती जेमतेम पाच आठवडे उरले. आधीच्या 'यार्स रिव्हेंज'साठी त्यांना काही महिने मिळाले होते. वॉरशॉंनी गेम वेळेत दिला हेच नवल. पण त्यातला ई.टी. सारखा खड्ड्यात पडायचा. कसाबसा वर आला की पुन्हा पडायचा. मुलं वैतागली, माल परत आला. सप्टेंबर 1983 मध्ये न खपलेल्या कॅसेट ट्रक भरभरून न्यू मेक्सिकोतल्या अलामोगोर्डो गावच्या कचरा डेपोत नेल्या, पुरल्या आणि वर काँक्रीट ओतलं.

ही नुसती दंतकथा आहे असं कितीतरी लोक तीस वर्षं सांगत होते. एप्रिल 2014 मध्ये कॅमेऱ्यांसमोर खणलं तेव्हा सुमारे 1,300 कॅसेट वर निघाल्या. त्यातली एक आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. बाकीच्यांतल्या बऱ्याच नगरपालिकेने लिलावात विकल्या आणि लाखाहून अधिक डॉलर मिळवले. खड्ड्यात एकटा 'ई.टी.' नव्हता, अटारीचे गाजलेले गेमही त्याच ढिगात होते. तरी 'जगातला सर्वांत वाईट गेम' हा शिक्का बसला तो वॉरशॉंच्या कामावर. अशक्य तारीख ठरवणाऱ्या साहेबांची नावं कुणाच्या तोंडी नाहीत. मला हा अन्याय वाटतो. वॉरशॉ पुढे मानसोपचाराच्या व्यवसायात गेले.

निराश करणाऱ्या कॅसेट आपल्याकडेही होत्या. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमची जी कॅसेट मिळायची, तिच्यावर '9999999 इन 1' असं ठसठशीत छापलेलं असायचं. आत हाताच्या बोटांवर मोजण्याएवढेच गेम. पान उलटत गेलं की तेच गेम वेगळ्या नावाने पुन्हा पुन्हा यायचे. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीने ग्राहकाच्या फसवणुकीचा पहिला धडा तिथे घेतला.

धुळीएवढा ठिपका

अटारीत गेम बनवणाऱ्याचं नाव कुठेही छापत नसत. वॉरन रॉबिनेट या प्रोग्रॅमरने यावर गुपचूप तोड काढली. 'अ‍ॅडव्हेंचर' या गेममध्ये त्यांनी एका भिंतीत एकाच पिक्सेलचा, भिंतीच्याच रंगाचा ठिपका लपवला. तो उचलून ठरावीक जागी नेला की एक गुप्त खोली उघडायची आणि तिथे त्यांचं नाव झळकायचं. कुणाला कळायच्या आत ते नोकरी सोडून गेले होते. अमेरिकेतल्या एका पोराला ती खोली सापडली आणि त्याने कंपनीला पत्र लिहिलं. नाव काढून कॅसेट नव्याने बनवायच्या तर खर्च फार, म्हणून कंपनीने ते तसंच ठेवलं. गेममधल्या लपवलेल्या गमतीला 'ईस्टर एग' म्हणायची पद्धत तिथून पडली.

अटारीच्याच चार प्रोग्रॅमरांनी 1979 मध्ये बाहेर पडून अ‍ॅक्टिव्हिजन काढली. त्यांच्यातले डेव्हिड क्रेन सांगतात की कंपनीच्या विक्रीचा निम्म्याहून मोठा हिस्सा या चौघांच्या गेमचा होता, आणि तसं साहेबांना सांगितल्यावर उत्तर आलं की कॅसेट जोडणाऱ्या कामगाराएवढंच तुमचं महत्त्व. नव्या कंपनीने खोक्यावर निर्मात्याचं नाव छापायला सुरुवात केली.

हा प्रश्न तेव्हाच मिटला असं समजू नका. 2011 च्या 'एल. ए. नॉयर'वर वर्षानुवर्षं राबलेल्या शंभरावर लोकांची नावं श्रेयनामावलीत नव्हती. शेवटी त्यांनी स्वतःच वेगळी यादी प्रसिद्ध केली.

आणि राबणं म्हणजे कसं? नोव्हेंबर 2004 मध्ये 'ईए स्पाउस' या टोपणनावाने एक खुलं पत्र इंटरनेटवर आलं. पत्र लिहिणारीचा होणारा नवरा इलेक्ट्रॉनिक आर्ट्समध्ये, म्हणजे ईएमध्ये होता. सकाळी 9 ते रात्री 10, आठवड्याचे सातही दिवस, ओव्हरटाइम नाही, बदली रजा नाही. एखाद्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला सोडलं तर ती मेहेरबानी. पत्र वणव्यासारखं पसरलं. ओव्हरटाइमच्या खटल्यांत ईएने पुढे तडजोड केली आणि चित्रकारांना 1 कोटी 56 लाख, तर प्रोग्रॅमरांना 1 कोटी 49 लाख डॉलर द्यायचं कबूल केलं. दोन वर्षांनी लेखिकेने आपलं नाव जाहीर केलं: एरिन हॉफमन. त्या स्वतःही गेम डिझाइनर आहेत.

पेटीतला चेक

ईएच्याच जाहिरात विभागाची 2009 सालची कामगिरी पाहा. 'द गॉडफादर 2'च्या प्रचारासाठी पत्रकारांना चक्क पितळी मुठी पाठवल्या, मारामारीत बोटांत घालतात त्या. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत त्या बाळगणं गुन्हा आहे हे नंतर ध्यानात आलं आणि त्या परत मागवण्याची वेळ आली. मग नरकयात्रेवरचा 'डान्टेज इन्फर्नो' आला. लॉस एंजेलिसच्या मोठ्या प्रदर्शनाबाहेर वीसेक माणसं फलक घेऊन धर्माच्या नावाने निषेध करत होती. ती सगळी भाड्याने आणलेली निघाली. पाठोपाठ समीक्षकांच्या टेबलावर लाकडी पेटी येऊन पडली. आत 200 डॉलरचा खरा चेक. चिठ्ठीतला आशय असा की वटवलात तर लोभाचं पाप, न वटवलात तर उधळपट्टीचं.

2014 मध्ये 'वॉच डॉग्ज'च्या कार्यक्रमाला आलेल्या पत्रकारांना युबिसॉफ्टने टॅब्लेट वाटले आणि बोभाटा झाल्यावर हे आमच्या धोरणात बसत नाही असं सांगितलं.

पण भेटवस्तू निदान डोळ्यांना दिसते. न दिसणारा दबाव जास्त वाईट. नोव्हेंबर 2007 मध्ये गेमस्पॉटचे संपादक जेफ गर्स्टमन यांनी 'केन अँड लिंच: डेड मेन'ला 10 पैकी 6 गुण दिले. त्या दिवसांत गेमस्पॉट उघडलं की पान भरून याच गेमची जाहिरात दिसायची. महिना संपायच्या आत गर्स्टमन यांची नोकरी गेली. कंपनीने दोन्हींचा संबंध नाकारला. करारामुळे त्यांना तोंड उघडता येईना. काही सहकारी निषेध म्हणून बाहेर पडले. उलट्या ट्रकला 1 गुण देणारे नवारोही त्या सुमारास तिथून गेले. 2012 मध्ये करारातली अट उठली तेव्हा गर्स्टमन यांनी उघड सांगितलं की जाहिरातदार नाराज झाले आणि व्यवस्थापन त्यांच्यापुढे वाकलं.

असा माणूस एकदा घरी बसला की उरलेल्या सगळ्यांची लेखणी आपोआप सावध होते. कुणाला चेक पाठवायची गरज उरत नाही.

ब्रिटनमध्ये 2004 साली 'ड्रायव्हर 3'ला दोन मासिकांनी बाकीच्यांच्या आधी 10 पैकी 9 गुण दिले. गेम दुकानात आला तो चुकांनी भरलेला. 'युरोगेमर'ने 3 गुणांवर बोळवण केली. सौदा झाल्याचा आरोप प्रकाशकांनी फेटाळला, पण वाचक दुखावले ते दुखावलेच.

पुढे जाहिरातीचा पैसा यूट्यूबकडे वळला. 'शॅडो ऑफ मॉर्डोर'साठी वॉर्नर ब्रदर्सने नामांकित यूट्यूबरांना पैसे दिले. गेमबद्दल चांगलंच बोलायचं आणि त्यातल्या चुका दाखवायच्या नाहीत, अशी अट होती. हे व्हिडिओ 55 लाखांहून जास्त वेळा पाहिले गेले. पैसे घेतल्याची गोष्ट बऱ्याच प्रेक्षकांना दिसतच नव्हती. 2016 मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने कंपनीला याबद्दल धरलं.

एका गुणाने बोनस गेला

'फॉलआउट: न्यू व्हेगस' हा 2010 चा गेम, आजही चाहत्यांच्या गळ्यातला ताईत. बनवणाऱ्या ऑब्सिडियन कंपनीला विक्रीत वाटा नव्हता. 'मेटाक्रिटिक'वर समीक्षांची सरासरी 85 आली तर बोनस मिळणार होता. आली 84. बोनस नाही. ऑब्सिडियनच्या संस्थापकांपैकी क्रिस अ‍ॅव्हेलोन यांनी 2012 मध्ये हे सांगितलं, आणि त्याच सुमारास कंपनीत नोकरकपात झाली. समीक्षकाने दिलेला गुण वाचकासाठी असतो. त्याच्यावर कुणाचा पगार टांगून ठेवणं दोघांवरही अन्याय आहे.

आधी पैसे, मग परीक्षण

'असॅसिन्स क्रीड: युनिटी' नोव्हेंबर 2014 मध्ये अमेरिकेत मध्यरात्री विक्रीला आला, पण समीक्षा छापायची परवानगी त्या दिवशी दुपारी बारापासून. तोवर हजारो लोकांच्या टीव्हीवर पॅरिस उभं राहिलेलं. त्यात काहींना असे नायक दिसले ज्यांच्या चेहऱ्याची कातडीच उमटली नव्हती, नुसती बुबुळं, दात आणि केस हवेत तरंगत होते. युबिसॉफ्टने माफी मागितली आणि त्याच गेमची पुरवणी फुकट दिली.

डिसेंबर 2020 च्या 'सायबरपंक 2077'ची रीत अधिक पद्धतशीर होती. पोलंडच्या सीडी प्रोजेक्टने समीक्षकांना फक्त पीसीवरची प्रत दिली, आणि व्हिडिओत आपणच पुरवलेली दृश्यं वापरायला सांगितली. पीसीवर गेम बरा चालत होता, गुणांचा पाऊस पडला. जुन्या प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर काय होतं ते पैसे भरलेल्यांनाच आधी कळलं. तिथे गेम अडखळत होता आणि मध्येच बंद पडत होता. आठवडाभरात सोनीने तो आपल्या दुकानातून काढून टाकला, पैसे परत करायला घेतले आणि जून 2021 मध्येच परत ठेवला. पहिल्या दहा दिवसांतली विक्री मात्र, परतावे वजा जाता, 1 कोटी 30 लाख प्रती. गेम पुढे दुरुस्त झाला, आज तो उत्तम चालतो. ज्यांनी पहिल्या दिवशी पूर्ण किंमत मोजली, त्यांच्या पदरात ते दिवस काही परत पडले नाहीत.

याच्याही पुढची पायरी 'द डे बिफोर'ने गाठली. स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात सर्वाधिक वाट पाहिल्या जाणाऱ्या गेमांत त्याचा नंबर होता. 7 डिसेंबर 2023 ला गेम आला, चार दिवसांनी कंपनीने दुकान बंद केल्याचं जाहीर केलं आणि 22 जानेवारीला सर्व्हर बंद.

एक अक्षर जास्त, बुद्धी कमी

2013 च्या 'एलियन्स: कलोनियल मरीन्स'मधले राक्षस इतके मठ्ठ होते की खेळणाऱ्याला बगल देऊन कुठेतरी भरकटायचे. ट्रेलरमध्ये मात्र तेच अंगावर काटा आणत होते. विक्रीपूर्वीची दृश्यं प्रत्यक्ष गेमशी जुळत नाहीत हे सेगा कंपनीला ब्रिटनच्या जाहिरात नियामकापुढे मान्य करावं लागलं. काही वर्षांनी एका हौशी माणसाने गेमची फाइल उघडून पाहिली. 'टेदर' या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये एक 'ए' जास्तीचा पडला होता. तो खोडला आणि राक्षसांना अक्कल आली, कोपऱ्यातून येऊन घेरायला लागले. एवढी चूक विक्रीपूर्वी कुणाच्या नजरेस पडली नाही. या धंद्यात सर्वांत आधी कात्री लागते ती तपासणीलाच.

2021 मध्ये जुने 'जीटीए' गेम नवा रंग देऊन आले तेव्हाही हेच झालं. 'टफ नट डोनट्स' या दुकानावर षट्‌कोनी लोखंडी नट होता, नावातला विनोद त्याच्यावरच बेतलेला. चित्रं आपोआप गुळगुळीत करणाऱ्या सॉफ्टवेअरने त्याचं साधं गोल डोनट करून टाकलं. कुणी नजर टाकली असती तर कळलं असतं.

पिशवीचं रामायण

'फॉलआउट 76'ची खास आवृत्ती 2018 मध्ये 200 डॉलरला होती. जाहिरातीत स्पष्ट लिहिलं होतं: कॅनव्हासची पिशवी. पार्सलमधून निघाली पातळ, सुरकुतलेली नायलॉनची. तक्रार केल्यावर एका ग्राहकाला उत्तर मिळालं की कॅनव्हासची फक्त नमुना होती, ती बनवणं फार महाग पडतं. ओरड वाढली तेव्हा बेथेस्डा कंपनीने भरपाई देऊ केली: गेममध्येच खर्चायची 500 'अ‍ॅटम', किंमत 5 डॉलर. शेवटी कॅनव्हासच्या पिशव्या द्यायचं कबूल केलं. त्या मागण्यासाठी लोकांनी अर्ज भरले, तर तांत्रिक घोळात काहींची नावं-पत्ते दुसऱ्याच ग्राहकांना दिसू लागले. कॅनव्हासच्या पिशव्या पोचेपर्यंत 2019 साल उजाडलं.

याच बेथेस्डाने 2006 मध्ये 'ऑब्लिव्हियन'मधल्या घोड्याचं चिलखत अडीच डॉलरला विकलं होतं. लोक चिडले, आणि लोकांनी घेतलंही. 2017 पर्यंत मजल 'स्टार वॉर्स बॅटलफ्रंट 2'पर्यंत गेली. पूर्ण पैसे भरून घेतलेल्या गेममध्ये डार्थ व्हेडर मिळवायला कित्येक तास घासायचं, नाहीतर नशिबाच्या पेट्या विकत घ्यायच्या. ईएने याचं समर्थन करणारं उत्तर रेडिटवर लिहिलं. त्याला साडेसहा लाखांहून जास्त नापसंती मिळाल्या आणि गिनेस बुकात नोंद झाली. एप्रिल 2018 मध्ये बेल्जियमच्या जुगार आयोगाने अशा पेट्यांना जुगार ठरवलं. आत काय निघेल ते माहीत नाही आणि पैसे आधी द्यायचे, लहान मुलांनीही. याला दुसरा शब्द नाही.

गांधीजींचा अणुबाँब

आता पत्रकारितेची एक चूक, जी तुम्हीही खरी मानली असेल. 1991 च्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये भारताचे नेते म्हणून गांधीजी होते. गोष्ट अशी सांगतात: त्यांची आक्रमकता सर्वांत कमी, म्हणजे 1. देशाने लोकशाही स्वीकारली की ती 2 ने घटायची. 1 मधून 2 गेले की उणे 1, पण संगणकाला त्या जागी उणे आकडा ठेवता येत नसल्याने तो फिरून एकदम 255 व्हायचा. मग गांधीजी सगळ्या जगावर अणुबाँब टाकत सुटायचे.

किती नेटकी गोष्ट! कितीतरी संकेतस्थळांनी ती छापली, प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्यांनी उदाहरण म्हणून वापरली. फक्त ती खोटी आहे. गेमचे जनक सिड मायर यांनी 2020 च्या आत्मचरित्रात ती मोडीत काढली. असा बिघाड कधी नव्हताच. अण्वस्त्रांची धमकी सगळेच नेते एकाच वाक्यात द्यायचे. गांधीजींच्या तोंडी ती विसंगत वाटायची, म्हणून लक्षात राहिली. आकडेमोडीची कथा 2012 च्या सुमारास इंटरनेटवर कुणीतरी रचली. 2010 च्या पाचव्या भागात मात्र गांधीजींना अण्वस्त्रांची सर्वाधिक ओढ खरोखर दिलेली आहे, डिझाइनरने मुद्दाम गंमत म्हणून. मायर यांना एक पत्र लिहून विचारलं असतं तरी भागलं असतं. वर्षानुवर्षं फारसं कुणी विचारलं नाही.

त्याआधीचा नमुना 1992 चा. 'इलेक्ट्रॉनिक गेमिंग मंथली'ने एप्रिल फूल म्हणून 'स्ट्रीट फायटर 2'मध्ये शेंग लाँग नावाचा गुप्त लढवय्या असल्याचं छापलं. इतर मासिकांनी शहानिशा न करता तीच बातमी उचलली. आपल्याकडच्या गेम पार्लरमध्ये नाणी घालणाऱ्या पोरांपर्यंत अशा अफवा पोचायच्या.

नीतीच्या नावाने

2014 मध्ये 'गेमिंग पत्रकारितेत नीतिमत्ता हवी' अशी घोषणा देत एक झुंड उठली, तिचं नाव गेमरगेट. निमित्त काय, तर एका तरुण निर्मातीने पत्रकाराशी असलेल्या संबंधातून आपल्या गेमची चांगली समीक्षा लिहून घेतली म्हणे. त्या पत्रकाराने तशी समीक्षा लिहिलीच नव्हती. तरी तिला आणि इतर काही स्त्रियांना धमक्यांमुळे घर सोडावं लागलं. ऑक्टोबरमध्ये समीक्षक अनिता सार्कीसियन यांचं युटा राज्यातल्या विद्यापीठातलं व्याख्यान हत्याकांडाच्या धमकीनंतर रद्द झालं, कारण तिथल्या कायद्यामुळे सभागृहात येणाऱ्यांची शस्त्रं अडवता येत नव्हती. गर्स्टमन यांची नोकरी घालवणाऱ्या जाहिरातदारांच्या दारात ही झुंड कधी गेली नाही. पत्रकारितेतले खरे दोष सुधारू पाहणाऱ्यांचं या प्रकाराने सर्वांत जास्त नुकसान केलं.

पुण्याचा पत्ता

सप्टेंबर 2020 मध्ये 'प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम'ची नवी आवृत्ती जाहीर झाली. काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. ट्रेलर बघून टीकेची झोड उठली, तारखा पुढे गेल्या आणि 2022 मध्ये काम कॅनडातल्या मॉन्ट्रियलला हलवलं गेलं. त्याच 2020 मध्ये पुण्याच्याच नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने 'राजी' हा गेम आणला. लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही काम सोडलं नव्हतं. इथल्या मुलांच्या हातात कसब आहे. प्रश्न वेळ आणि पैसा कोण देतो याचा आहे.

विकत घेतलेलं, पण आपलं नाही

युबिसॉफ्टच्या 'द क्रू'चे सर्व्हर 31 मार्च 2024 ला बंद झाले आणि पैसे देऊन घेतलेला गेम निकामी झाला. एकट्याने खेळायचा भागसुद्धा. रॉस स्कॉट यांनी याविरुद्ध मोहीम उभारली आणि युरोपीय संघाकडे दिलेल्या मागणीवर दहा लाखांहून जास्त सह्या पडल्या. कॅलिफोर्नियात 2025 पासून कायदाच आहे: डिजिटल गेम विकणाऱ्याने आपण मालकी नव्हे, फक्त परवाना विकतोय, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे.

ग्राहकांसाठीच्या भांडणात पदरात पडलेली एक सोय तर तुमच्या-माझ्याही उपयोगाची आहे. 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक आयोगाने स्टीम चालवणाऱ्या वॉल्व्ह कंपनीला कोर्टात खेचलं आणि पुढे 30 लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला. खटला चालू असतानाच, जून 2015 पासून, स्टीमने परताव्याचा नियम आणला: खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर पैसे परत. तेव्हा ट्रेलरवर भाळून आगाऊ पैसे भरू नका. गेम बाहेर येऊ द्या, आठवडाभर थांबा, स्वतःच्या पैशाने घेऊन खेळलेल्या माणसाचं ऐका. आणि घेतलाच, तर पहिल्या दोन तासांतच नीट पारखून घ्या.